एक्सपल्स प्रो, सस्पेन्शन नोंद ४: गोटे आणि रिबाउंड

तीन रविवार मी माझ्या या मोटारसायकलच्या मागच्या शॉकचं कॉम्प्रेशन (दबताना होणारा विरोध) सैल करत गेलो आणि गाडी दर वेळी आणखी जोरात दणके देत गेली. जागा तीच, नेरेजवळचा गाढी नदीकाठचा गोट्यांचा पट्टा. पहिले दोन-तीन गोटे गाडी मऊ गिळते, चौथ्या-पाचव्याला थेट कंबरेत.

हे ‘चौथ्या-पाचव्याला’च महत्त्वाचं होतं, माझ्या डोक्यात उशिरा शिरलं. स्प्रिंग कडक असती तर पहिल्याच गोट्याला कळलं असतं. खारघरच्या स्पीडब्रेकरवर मागचं चाक उसळतं म्हणून मीच मागे कधीतरी रिबाउंड (दबलेला शॉक परत वर येताना होणारा विरोध) आवळून ठेवला होता. शॉक दबायचा, पण वर यायच्या आत पुढचा गोटा हजर. दर दणक्याला थोडा आणखी खाली बसायचा. २२० मिमी ट्रॅव्हलपैकी (चाकाला वर-खाली व्हायला मिळणारी एकूण जागा) शेवटी हातात काहीच उरत नव्हतं. वर मी कॉम्प्रेशन सैल करून त्याला आणखी लवकर खाली बसवत होतो. शाब्बास!

या रविवारी कॉम्प्रेशन होतं तिथे परत नेलं. टायरमध्ये हवा २२ पीएसआय, वेग तोच, रिबाउंडचा स्क्रू दोन-दोन क्लिक (टप्पे) उघडला. चार क्लिकला गाडी शांत. सहाला मागून लाथ मारायला लागली, म्हणून परत चारवर.

मग पार्किंगमध्ये सॅग मोजला, म्हणजे वजनाने गाडी मागे किती खाली बसते ते. वॉचमनकाकांनी हँडल धरलं, धाकट्याने टेप. मी बसल्यावर ८४ मिमी, नुसत्या गाडीचा २५. मला ट्रॅव्हलच्या तीस टक्के, म्हणजे ६६ च्या आसपास हवा होता. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) आवळून ६८ वर आणला, तर नुसत्या गाडीचा उरला फक्त ९! प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. आता खड्ड्यात चाक खाली सोडायला जागाच नाही. म्हणजे स्प्रिंग माझ्यासाठी मऊ आहे. दोष स्प्रिंगचा नाही, हेल्मेट-बूट धरून मी ९४ किलो आहे.

“दादा, स्प्रिंगपेक्षा वडापाव कमी करणं स्वस्त पडेल,” धाकटा म्हणाला. काका हसले, हँडल सुटता सुटता राहिलं.

पुढच्या चाकाचं सस्पेन्शन ठीक आहे. फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्या) किती दबला ते कळायला त्याला बांधलेला झिपटाय २५० पैकी २१० मिमीपर्यंत सरकला, तिथे हात लावत नाही. मागे तूर्त तडजोड: प्रीलोड थोडा सैल, सॅग ७४ आणि १५. कडक स्प्रिंग शोधतोय. ती बसली की रिबाउंड पुन्हा थोडा आवळावा लागेल, चार क्लिकचा हिशेब तेव्हा मोडीत.