नावं ठेवायची खोड

परवा दुपारी जरा डोळा लागत होता, तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मामा, भ आलंय." बारसं रविवारी, बाळाचं अक्षर भ निघालेलं, आणि घरात कुणाचं एकमत नाही. अटी तिने एका दमात सांगून टाकल्या. नाव छोटं हवं, अर्थ छान हवा, पणजीला नीट उच्चारता यायला हवं आणि सोसायटीत आधी कुणाचं नको. मी म्हटलं, भूषण. ऑफिसात दोन आहेत म्हणाली. भास्कर? "ते आजोबांचं वाटतं रे." भार्गव तिला आवडलं, पण ते सासूबाईंच्या भावाचं आणि त्या भावाशी सध्या बोलणं नाही. भीम म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

बाळाचा फोटो तिने आधीच पाठवला होता. मुठी आवळलेल्या, कपाळाला आठ्या, डोक्यावर केस नाहीत. निवृत्त हेडक्लार्कसारखा चेहरा. त्या चेहऱ्याला दत्तोपंत शोभलं असतं. सोबत कुठून तरी उतरवलेली नावांची यादीही होती. त्यातल्या निम्म्या नावांपुढे "विष्णूचा अंश" आणि उरलेल्यांपुढे "तेजस्वी" असं लिहिलेलं. विष्णूला हजार नावं आहेत हे खरं, पण यादीवाल्यांनी त्यात परस्पर बरीच भर घातलेली दिसते.

मला मेली खोडच आहे, कुणाचं नाव कळलं की ते त्या माणसाला होतंय का हे मनातल्या मनात बघायचं. शाळेपासूनची. हजेरी सुरू झाली की माझं काम सुरू व्हायचं. विजय कबड्डीत पहिल्याच चढाईत बाद होऊन लंगडत परत यायचा. शीतलच्या डब्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. शांतारामला बाहेर काढल्याशिवाय तास सुरू होत नसे. नाव बरोबर बसलं होतं ते एकट्या आनंदाला; गणिताचा पेपर हातात पडला की तो आधी मार्क बघायचा आणि मग मनापासून हसायचा. मोठेपणीही खोड गेली नाही. दाताच्या दवाखान्यात एकदा "निर्भय" अशी हाक आली आणि एक धिप्पाड गृहस्थ बायकोचा हात घट्ट धरून उठले, तेव्हा माझा दात दुखायचा थांबला होता.

हा खेळ अडायचा तो आजोळच्या धोंडूमामांपाशी. ते काही सख्खे मामा नव्हेत, गल्लीच्या टोकाला त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. सुट्टीत दुपारभर आम्ही तिथे पडीक. रंधा चालला की लाकडाच्या पातळ, गुंडाळलेल्या साली खाली पडायच्या आणि त्या कानात अडकवून आम्ही कुंडलं करायचो. मामांच्या कानावर पेन्सिल, ओठात दोन चुका. बोलणं इतकं हळू की रंधा थांबवल्याशिवाय ऐकू यायचं नाही, आणि आम्ही काही विचारलं की ते खरंच रंधा थांबवायचे. एवढ्या मऊ माणसाचं नाव धोंडू. कुणी ठेवलं असेल?

ते मला त्यांच्या मुलाच्या लग्नात कळलं. मुलगा बँकेत लागलेला, सोयरीक शहरातली. पत्रिका छापून आल्या आणि त्यांत वडिलांचं नाव होतं धनंजय. मामांनी पत्रिका हातात घेतली, चष्मा शोधला, अंगठ्याने ओळ धरून वाचली आणि विचारलं, "हे कोण?" मुलगा गोरामोरा झाला. जुनं नाव बरं दिसत नाही, काय ठेवलंय आजीनं पण, असं काहीतरी पुटपुटला. आजी तिथेच भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आधीच्या तिघांची चांगलीच ठेवली होती की."

कुणी काही बोललं नाही. पत्रिका त्याच वाटल्या गेल्या, मामांनीच वाटल्या. पण गावातल्या प्रत्येक घरी पत्रिकेवर हळदकुंकू लावून झालं की खिशातून पेन्सिल काढून धनंजयच्या वर बारीक अक्षरात धोंडू लिहायचे.

धोंडू, दगडू, केरबा, कचरू, भिकू. मुलं जगत नसली की पुढच्याला असलं नाव द्यायचं, म्हणजे दृष्ट लागणार नाही; नेणाऱ्यालाही वाटावं, हे काय न्यायचं! कुणी नाक टोचून नथू म्हणायचं, कुणी मूल शेजारणीच्या पदरात घालून मूठभर धान्य देऊन परत विकत घ्यायचं. म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त जीव, त्यालाच केरकचऱ्याचं नाव. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो. १८५८ चा जन्म, १९६२ ला गेले. १९५८ साली त्यांच्या शंभरीला भारतरत्न मिळालं आणि टपालाचं तिकीटही निघालं, तेव्हा स्वतःचं तिकीट बघायला ते हयात होते. धोंड्यासारखे टिकले, असं म्हणायचा मोह होतो. एरवी मी अशा जुळणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, पण ही सोडवत नाही.

मुलींच्या नावांची तऱ्हा वेगळी. मनुस्मृतीत नक्षत्राचं, झाडाचं, नदीचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असं सांगितलंय. आपल्या आजी-पणज्यांच्या घरात हे कुणी वाचलं नसावं, नाहीतर वाचून सोडून दिलं असावं. गंगू, यमुना, गोदावरी, कृष्णा, रोहिणी, रेवती, तुळसा. नवऱ्यामुलांनी मनूचं ऐकलं असतं तर सगळा महाराष्ट्र बिनलग्नाचा राहिला असता. लग्नं झाली. मात्र ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि नदी माहेरी राहिली. कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे झाली. डॉक्टर आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी गोदूबाई, त्यांचीही आनंदीबाई झाली. यांतल्या जोशीबाईंना १८८६ साली अमेरिकेत पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत वयाच्या एकविसाव्या वर्षी त्या गेल्या. आनंदी हे नाव त्यांना शोभत होतं का, हा खेळ तिथे खेळवत नाही.

बाकी भाचीच्या यादीतल्या नावांबद्दल माझी तक्रार एवढीच, की ती फार भारी असतात. विश्वजित नावाच्या पोराला भाजी आणायला धाडताना मला उगाच ओशाळल्यासारखं होतं. त्यापेक्षा दगडूचं बरं. दगडू म्हटल्यावर कुणी काही अपेक्षाच करत नाही. दोन गोड शब्द बोलला तरी लोक खूश.

असं मी बरीच वर्षं म्हणत होतो. मग २०११ साली साताऱ्याची बातमी आली. जिल्ह्यात नकुशा, नकुशी नावाच्या २८५ मुली निघाल्या आणि त्यांना समारंभ करून नवी नावं देण्यात आली. धोंडू ठेवणाऱ्या आईने नियतीशी खोटं बोलायचं म्हणून ते नाव ठेवलं होतं. इथे खोटं काही नव्हतं. दोन-तीन मुलींवर पुन्हा मुलगी झाली, नको होती, तेच नाव ठेवलं. पुढची तरी मुलगी होऊ नये म्हणून. आणि ते शाळेच्या दाखल्यावर चढलं. रोज सकाळी हजेरीत मास्तर ते वाचणार आणि त्या पोरीने उभं राहून "हजर" म्हणायचं.

समारंभात काही मुलींनी आपलं नवं नाव स्वतः निवडलं म्हणे. त्या आता पंचविशीच्या आसपास असतील. घरचे हाक कुठल्या नावाने मारतात, कुणास ठाऊक.