एका सुटलेल्या गलबताच्या मागावर : मार्बलहेड ते पोर्ट्समथ

जूनमध्ये मुलीकडे बोस्टनला गेले तेव्हा तिनं अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या ठिकाणांची यादी तयारच ठेवली होती. लेक्झिंग्टन, काँकर्ड, चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या तो धक्का. मी म्हटलं, "हे सगळं बघू सावकाश. आधी मला मासे खारवायची गावं दाखव." माझं लहानपण विजयदुर्गच्या खाडीकाठी गेलं. आरमार म्हटलं की मला आधी तोफा दिसत नाहीत. गलबत बांधणारे, शीड शिवणारे आणि वाऱ्याचा अंदाज सांगणारे तांडेल दिसतात. अमेरिकेचं आरमारही अशाच माणसांनी उभं केलं, आणि ती गावं बोस्टनहून तास-दीड तासावर आहेत. आम्ही दोघींनी त्यासाठी तीन दिवस काढले.

निघण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्या. १७७५ मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा करून न्यू इंग्लंडच्या, म्हणजे या ईशान्य किनाऱ्यावरच्या वसाहतींच्या, होड्यांना २० जुलैपासून न्यूफाउंडलंडकडच्या मासेमारीच्या पट्ट्यात जायला बंदी केली. कॉड मासा पकडायचा, खारवायचा, वाळवायचा आणि स्पेन-पोर्तुगालपासून वेस्ट इंडीजपर्यंत विकायचा, हे या किनाऱ्याचं पोट होतं. एका कायद्यानं हजारो खलाशी आणि त्यांच्या होड्या रिकाम्या झाल्या. त्यानंतर दोन महिने पुरते झाले नव्हते, तोच त्यातली एक होडी तोफा घेऊन समुद्रात उतरली. हा धागा हातात असला की पुढची ठिकाणं आपोआप जुळत जातात.

बोस्टन बंदरातलं कॉन्स्टिट्यूशन हे जहाज जरूर बघा, पण ते पाण्यात उतरलं १७९७ साली, म्हणजे युद्ध संपवणारा तह झाल्यावर चौदा वर्षांनी. या युद्धाशी त्याचा संबंध नाही. अनेक पर्यटक तेवढं बघून 'आरमार झालं' म्हणतात, त्याचं मला वाईट वाटतं.

पहिला दिवस मार्बलहेडचा. तिथं रेल्वे जात नाही. लिनकडून बस मिळते, पण गाडी असेल तर बरं. गल्ल्या इतक्या अरुंद आणि वळणाच्या आहेत की गाडी वरच्या बाजूला लावून पायीच फिरायचं. आम्ही नऊच्या आत पोहोचलो म्हणून जागा मिळाली, अकरानंतर रस्ते भरले. पायात घट्ट बूट हवेत, कारण जुन्या दफनभूमीची टेकडी खडकाळ आहे. तिथं जॉन ग्लोव्हरची कबर आहे. समोर सगळं बंदर दिसतं.

ग्लोव्हर हा मासे आणि गलबतांचा व्यापारी. त्याच्या रेजिमेंटमध्ये गावचेच कोळी-खलाशी होते, त्यात काळे आणि मूलनिवासीही. ऑगस्ट १७७६ मध्ये ब्रुकलिनला बंडखोरांचा सेनापती वॉशिंग्टन याचा पराभव झाला. पुढं इंग्रज, मागं नदी. २९ तारखेच्या रात्री या माणसांनी सुमारे नऊ हजार सैनिक, घोडे, तोफा हाती लागतील त्या होड्यांतून ईस्ट रिव्हरपलीकडे नेले. वल्ह्यांचा आवाज होऊ द्यायचा नाही, दिवा लावायचा नाही, ओहोटीची ओढ आणि वारा दोन्ही सांभाळायचे. पहाटे धुकं उतरलं आणि उरलेलेही निसटले. त्याच वर्षी नाताळच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहत असलेली डेलावेअर नदी सैन्यानं पार केली, तेव्हाही होड्यांवर हीच माणसं होती. दफनभूमीच्या टेकडीवर बसून मुलीला हे सांगताना माझा गळा भरून आला. वॉशिंग्टन घोड्यावर बसलेला सगळ्यांना माहीत असतो. त्याला पलीकडे नेणाऱ्यांचं गाव हे आहे.

ग्लोव्हरचं घर जवळच्या गल्लीत आहे. बाहेरून पाटी वाचायची, दार वाजवायचं नाही. जेरेमाया ली या धनाढ्य जहाजमालकाचा १७६८ चा वाडा मात्र उन्हाळ्यात काही दिवस आतून दाखवतात. वार आणि वेळ आधी बघून ठेवा. भिंतींवरचा हातानं रंगवलेला कागद विलक्षण आहे. हा ली बंडखोरांसाठी शस्त्रं जमवत होता. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री इंग्रज फौज आल्यावर तो अपुऱ्या कपड्यांत शेतात लपला, आजारी पडला आणि मे महिन्यात वारला. फोर्ट सुअल हा किल्ला विनामूल्य आहे, बाकं आहेत, डबा उघडायला उत्तम जागा. शाकाहारी असाल तर दशम्या-चटणी बरोबर घ्याच. धक्क्यावरच्या खाणावळीत बहुतेक सगळं मासे आणि शिंपल्यांचं.

संध्याकाळी बेव्हर्ली. बोस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून इथं थेट लोकल येते आणि त्याच मार्गावर अलीकडे सेलम. बेव्हर्लीत बघायला वस्तू थोड्या आहेत, पण मला हेच ठिकाण सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ५ सप्टेंबर १७७५ ला ग्लोव्हरची ७८ टनांची हॅना ही दोन डोलकाठ्यांची स्कूनर इथून निघाली. वॉशिंग्टननं ती टनामागं महिन्याला एक डॉलर अशा भाड्यानं घेतली होती. वर खलाशी नव्हे, कागदोपत्री सैनिक होते. कप्तान निकल्सन ब्राउटनही लष्करातलाच. दोनच दिवसांत त्यांनी युनिटी नावाचं जहाज पकडलं.

खरी गोष्ट इथून पुढं आहे. युनिटी इंग्रजांचं नव्हतंच. ते न्यू हॅम्पशरच्या पोर्ट्समथमधल्या जॉन लँग्डनचं होतं. हा लँग्डन काँग्रेसचा, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी सभेचा, सभासद. इंग्रजांनी ते जप्त करून बोस्टनला चालवलं होतं. म्हणून वॉशिंग्टननं ते मालकाला परत दिलं आणि हॅनावरच्या माणसांना लुटीचा वाटा मिळाला नाही. त्यांनी बंड केलं. छत्तीस जणांना केंब्रिजला नेऊन लष्करी न्यायालयापुढं उभं केलं. मासेमारी बंद, घरात मिळकत नाही, आणि जीव धोक्यात घालून पकडलेलं जहाज हातातून जातं. त्यांचा राग मला पूर्ण समजतो. शिस्तीचा प्रश्नही खराच होता. पण पुढं नव्या आरमाराला माणसं मिळताना जी ओढाताण झाली, खासगी परवान्याच्या लढाऊ गलबतांवर जास्त वाटा मिळतो म्हणून खलाशी तिकडं वळले, तिचं बीज या पहिल्याच शिकारीत आहे.

'आरमाराचं जन्मस्थान' आपणच, असा वाद मार्बलहेड आणि बेव्हर्लीत आजही आहे. फिलाडेल्फियात काँग्रेसनं जहाजं सज्ज करायचा ठराव केला तो १३ ऑक्टोबर १७७५ चा, म्हणजे हॅनाच्या नंतरचा. माझं मत विचाराल तर माणसं मार्बलहेडची, धक्का बेव्हर्लीचा. दोन्ही गावं बघा.

मुक्काम सेलमला केला. चेटकिणींच्या खटल्यांमुळं ऑक्टोबरभर इथं पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा तो महिना टाळा. डर्बी धक्का समुद्रात लांबवर गेला आहे, टोकाला छोटं दीपगृह. सकाळी सहाला आम्ही तिथं दोघीच होतो. एलायस हॅस्केट डर्बीनं युद्धात खासगी लढाऊ जहाजांवर पैसा लावला. युद्ध संपलं तेव्हा ही मोठी, वेगवान जहाजं किनाऱ्यावरच्या व्यापाराला नको तेवढी मोठी होती आणि ब्रिटिश बंदरं बंद झालेली. म्हणून ती पूर्वेकडं वळली. १७८८ मध्ये सेलमचं अटलांटिक हे जहाज सुरत, मुंबई आणि कलकत्त्याला पोहोचलं. इथल्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयात भारतातून आलेल्या वस्तू आणि हुसेनसारख्यांची आधुनिक चित्रंही आहेत. आठवड्यात काही दिवस ते बंद असतं, वार बघून बेत करा.

तिसरा दिवस युनिटीच्या मालकाच्या गावचा. पोर्ट्समथला रेल्वे नाही, बोस्टनहून बस सव्वा तासात सोडते. इथं येण्यापूर्वी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. सरकारी हवामान-सागर खात्याच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. पाणी साधारण आठ फूट चढतं-उतरतं, आणि पिस्काटाक्वा नदीच्या अरुंद मुखातून ते एवढ्या जोरानं जातं की जलमार्ग दाखवणारे तरंगते बोये आडवे पडतात. ओहोटी ऐन भरात असताना पुलावर उभं राहा, म्हणजे हे बंदर हिवाळ्यातही का गोठत नाही आणि शत्रूला आत शिरणं का कठीण होतं ते डोळ्यांनी कळतं.

नदीच्या तोंडाशी, न्यू कॅसलला, विल्यम अँड मेरी हा किल्ला होता. १४ डिसेंबर १७७४ ला सुमारे चारशे जणांनी त्यावर चाल करून बंदुकीच्या दारूची शंभरेक पिंपं पळवली, दुसऱ्या दिवशी तोफाही. युद्ध जिथं पेटलं त्या लेक्झिंग्टनच्या चकमकीच्या चार महिने आधी! या चालीतही लँग्डन पुढं होता. किल्ल्याचे अवशेष तटरक्षक दलाच्या तळालगत आहेत आणि सुरक्षेसाठी बंद असू शकतात. आम्ही बंदरात फेरी मारणाऱ्या बोटीतून पाहिले, आणि मला तर तीच जागा योग्य वाटली. वारा जूनमध्येही बोचरा असतो, जाकीट हवंच. बोटीत उजवी-डावी बाजू धरून बसू नका, जाता-येता दोन्ही काठ दिसतात.

इथली श्रीमंती पांढऱ्या पाइनची. मोठे वृक्ष राजाच्या बाणाची खूण करून ब्रिटिश आरमाराच्या डोलकाठ्यांसाठी राखलेले असत. युद्ध पेटलं आणि तेच लाकूड, तेच सुतार दुसऱ्या बाजूला आले. १७७६ मध्ये ३२ तोफांचं रॅले हे जहाज साठ दिवसांत बांधलं गेलं. न्यू हॅम्पशरच्या राज्यमुद्रेवर आजही ते आहे. मे १७७७ मध्ये लँग्डनच्या गोदीतून रेंजर उतरलं. कप्तान जॉन पॉल जोन्सला त्याच्या डोलकाठ्या फार उंच वाटल्या, पण त्याच जहाजाला १४ फेब्रुवारी १७७८ ला किबेरॉनच्या उपसागरात फ्रेंच आरमारानं नऊ तोफांची सलामी दिली. एप्रिलमध्ये त्यानं आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ ड्रेक हे ब्रिटिश जहाज जिंकलं. जोन्स नंतर ज्या विधवेच्या घरी राहिला ते पिवळं लाकडी घर आता संग्रहालय आहे, फक्त उन्हाळी मोसमात उघडं.

तिथून चालत चेस्टनट स्ट्रीटवरचं आफ्रिकन दफनभूमीचं स्मारक चुकवू नका. १७७९ मध्ये याच गावातल्या वीस गुलामांनी विधिमंडळाकडे स्वातंत्र्याचा अर्ज केला. तो बाजूला पडला. त्यातल्या चौदा जणांना राज्यानं २०१३ मध्ये, मरणोत्तर, मुक्त केलं.

शेवटी मेमोरियल ब्रिजवरून चालत बॅजर्स बेटावर गेलो. लँग्डनची गोदी इथं होती. आता खासगी घरं आणि होड्यांचे धक्के आहेत, रस्त्यावरूनच बघायचं. पलीकडे किटरीच्या काठावर जोन्सच्या नावाची छोटी बाग आहे, तिथं बसता येतं. मी मुलीला दुसऱ्या रेंजरची गोष्ट सांगितली. ८ एप्रिल १७८३ ला आनंदराव धुळपांच्या मराठी आरमारानं इंग्रजांच्या मुंबई मरीनचं एक जहाज लढून पकडलं आणि विजयदुर्गला आणलं. त्याचंही नाव रेंजर. "म्हणजे आपल्या घरासमोर?" तिनं विचारलं. हो, आपल्या घरासमोरच्या खाडीत.

जहाज आलं की पुलाचा मधला भाग वर उचलतात आणि दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं, तेवढा वेळ शेवटच्या बसच्या हिशेबात धरा. आम्ही थांबलो तेव्हा पाणी फिरलं होतं आणि बोये उलट्या बाजूला कलायला लागले होते.