साठ महिने की सहासष्ट?

परदेशी एमबीबीएसच्या फायली तपासणं हे माझं रोजचं काम. त्या दिवशी आलेल्या गृहस्थांनी फाइल आणलीच नव्हती. खिशातून घडी घातलेला एकच कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. मध्य आशियातल्या एका विद्यापीठाचं पत्र. मुलगी तिथे चौथ्या वर्षाला होती.

"एजंट म्हणतो, पाचव्या वर्षाची इंटर्नशिप भारतातच केली तरी चालते. कुठल्या हॉस्पिटलात बोलू, तेवढं सांगा साहेब."

पत्रात लिहिलं होतं, 'अभ्यासक्रम ५ वर्षे, इंटर्नशिपसह'. अख्खी फाइल या 'सह' शब्दावर अडते.

मी आधी प्रवेशाची तारीख विचारली. जानेवारी २०२२. म्हणजे परदेशी पदवीवर भारतात डॉक्टरकी करण्यासाठी १८ नोव्हेंबर २०२१ ला आलेले राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम तिला पूर्ण लागू. त्यानुसार किमान ५४ महिन्यांचं शिक्षण हवं आणि त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप वेगळी, तीही त्याच परदेशी संस्थेत. एकूण ६६. पाच वर्षं म्हणजे ६०. त्यातून इंटर्नशिपचे १२ काढले की शिक्षणाचे ४८ उरतात, म्हणजे सहा महिने कमी. शिवाय शिक्षणाचा कुठलाही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात केलेला चालत नाही, त्यामुळे एजंटचा सल्ला ऐकला असता तर भारतात केलेली ती इंटर्नशिपही बाद झाली असती. भारतातली १२ महिन्यांची इंटर्नशिप वेगळीच, ती परत आल्यावर.

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दुसऱ्या कॉलेजात बदली घेतली तर?" तेही नाही. सगळं शिक्षण एकाच संस्थेत व्हायला हवं.

वाट एकच होती. विद्यापीठाला लेखी विचारायचं: प्रत्यक्ष शिक्षणाचे महिने किती, इंटर्नशिपचे किती, माध्यम इंग्रजी आहे का, आणि ही पदवी घेतल्यावर तिथल्या नागरिकांइतक्याच हक्काने प्रॅक्टिसचा परवाना मिळतो का. शेवटच्या प्रश्नाला बरीच विद्यापीठं मोघम उत्तर देतात. तेव्हा थेट तिथल्या परवाना देणाऱ्या संस्थेचं पत्र मागावं. फोनवरचा होकार फाइलला लावता येत नाही.

उत्तर आलं: दहा सत्रं, त्यातली शेवटची दोन इंटर्नशिपची. त्याच विद्यापीठात सहा वर्षांचा अभ्यासक्रमही होता. मुलीने चौथं वर्ष संपायच्या आत त्यात नाव वळतं करून घेतलं आणि महिन्यांची फोड असलेलं पत्र मिळवलं. वर्ष वाढलं, खर्च वाढला. वडिलांना ते जड गेलं, पण पाचव्या वर्षानंतर कळलं असतं तर करण्यासारखं काहीच उरलं नसतं.

जाताना त्यांना आणखी एक सांगितलं. रशियन लिपीत आपल्या 'ह'ला नेमकं अक्षर नाही. 'हांडे' आडनाव तिथे लिहून पुन्हा इंग्रजीत आणलं की 'खांडे' होऊ शकतं. पदवी छापण्याआधी पासपोर्टचं पहिलं पान समोर ठेवून स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवावं. नंतर दुरुस्ती म्हणजे नवी पदवी, नवं साक्षांकन, आणि तोवर एफएमजीईचा, म्हणजे परदेशी पदवीधरांना भारतात द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचा अर्ज अडकतो. ती परीक्षा वर्षातून दोनदाच होते. ३०० प्रश्न, पास व्हायला १५० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

आणि पासपोर्ट संपला तरी जुना फेकू नये. त्यावरच्या येण्याजाण्याच्या शिक्क्यांवरूनच मुलगी तिथे किती दिवस होती हे मोजलं जातं.