तुम्ही विचारलंत म्हणून: झारच्या पोलिसांना क्रांती कळली कशी नाही?

रशियावर कुठेही बोलायला उभा राहिलो की प्रश्नोत्तरांत हा प्रश्न ठरलेला. "एवढे हेर, पोस्टात पत्रं फोडणारी माणसं, सैबेरिया, फाशी, सगळं हाताशी होतं. मग १९१७ च्या क्रांतीचा झारला पत्ता कसा लागला नाही?" आभारप्रदर्शनवाले घड्याळ दाखवत असतात, म्हणून मी "लागला होता की!" म्हणून बसून घेतो. लोक हसतात. पण मी विनोद केलेला नसतो, म्हणून आज जरा सविस्तर. (तारखा तेव्हाच्या रशियन पंचांगाच्या आहेत. विसाव्या शतकात ते आपल्या तारखेच्या १३ दिवस मागे चालायचं.)

गंमत अशी की घरभेदीपणाची सुरुवात क्रांतिकारकांनी केली. १८७९ साली स्थापन झालेली 'नरोदनाया वोल्या' ही झारला मारायला निघालेली संघटना. तिने निकोलाय क्लेतोच्निकोव्ह नावाच्या एका किरकोळ प्रकृतीच्या कारकुनाला पीटर्सबर्गात एका बाईच्या घरी भाड्याने ठेवलं. ही बाई पोलिसांची खबरी होती आणि तिला पत्त्यांचा नाद होता. हा रोज संध्याकाळी तिच्याशी पत्ते खेळायचा आणि मुद्दाम हरायचा. असा गुणी भाडेकरू नोकरी नाही म्हणून गावाला परत जाणार म्हटल्यावर बाईनेच ओळख लावून त्याला गुप्त पोलिसांच्या कचेरीत, 'तिसऱ्या विभागात' चिकटवला. अक्षर वळणदार, त्यामुळे गोपनीय कागदांच्या नकला त्याच्याकडे आल्या. कोणाच्या घरी छापा पडणार, कोण फुटलाय, हे संघटनेला आधीच कळायला लागलं. जानेवारी १८८१ मध्ये तो सापडला, तोवर उशीर झाला होता. १ मार्चला कॅथरीन कालव्याच्या काठावर बॉम्ब फेकून दुसऱ्या अलेक्झांडरला मारण्यात आलं.

पोलीस मूर्ख नव्हते. त्यांनी तीच विद्या उचलली आणि गुरूच्या पुढे गेले. सुदेइकिन नावाच्या अधिकाऱ्याने सेर्गेय देगायेव्ह या क्रांतिकारकाला फोडला, त्याच्याकरवी फेब्रुवारी १८८३ मध्ये संघटनेची पुढारी वेरा फिग्नर पकडली गेली आणि संघटनेचा कणा मोडला. पण देगायेव्हने पुढे साथीदारांपुढे कबुलीही दिली. प्रायश्चित्त म्हणून डिसेंबरमध्ये सुदेइकिनला स्वतःच्या घरी बोलावून त्याचा खून घडवून आणला. त्यानंतर हा गृहस्थ अमेरिकेत गेला, नाव बदललं आणि साउथ डकोटाच्या विद्यापीठात गणिताचा लोकप्रिय प्राध्यापक झाला. कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने परत पाठवलं असतं.

आता मुख्य माणूस. येवनो आझेफ. गरीब शिंप्याचा मुलगा, जर्मनीत इंजिनिअरिंग शिकत होता. १८९३ मध्ये त्याने आपणहून पोलिसांना पत्र घातलं की इथल्या रशियन विद्यार्थ्यांच्या बातम्या देईन. पगार ठरला महिना ५० रूबल. दहा वर्षांत हा माणूस समाजवादी क्रांतिकारी पक्षाच्या 'लढाऊ संघटने'चा प्रमुख झाला, म्हणजे मंत्र्यांना मारणाऱ्या पथकाचा. जुलै १९०४ मध्ये गृहमंत्री प्लेव्हेचा बॉम्बने खून झाला तो याच पथकाकडून. प्लेव्हे हा पोलीस खात्याचाच मंत्री, म्हणजे आझेफला पगार देणाऱ्यांचा साहेब! फेब्रुवारी १९०५ मध्ये मॉस्कोत तेव्हाच्या झारचे, दुसऱ्या निकोलसचे, काका ग्रँड ड्यूक सेर्गेय मारले गेले. तिथे बॉम्ब टाकणाऱ्या कल्यायेव्हने दोनच दिवस आधी हात मागे घेतला होता, कारण गाडीत ड्यूकची बायको आणि लहान पुतणे बसलेले दिसले. कल्यायेव्ह फाशी गेला. आझेफ दोन्हीकडून पैसे घेत राहिला.

त्याच्यावर संशय यायचा. पण पक्ष म्हणायचा, ज्याने प्लेव्हेला उडवला तो पोलिसांचा कसा असेल? पोलीस म्हणायचे, जो इतकी माणसं पकडून देतो तो खुनी कसा असेल? बुर्त्सेव्ह नावाच्या हट्टी पत्रकाराने शेवटी जाहीर आरोप केला, तर १९०८ मध्ये पॅरिसमध्ये पक्षाने आझेफला नव्हे, बुर्त्सेव्हलाच बदनामीबद्दल पंचांपुढे उभं केलं. पंच तिघे: अराजकवादी विचारवंत क्रोपोत्किन, लोपातिन आणि वेरा फिग्नर. फिग्नर म्हणजे देगायेव्हने पकडून दिलेली, वीस वर्षं श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात काढलेली बाई. लोपातिन म्हणजे देगायेव्हकडून कबुली काढणारा. यांना तरी चटकन पटायला हवं होतं ना? नाही पटलं. बुर्त्सेव्हने मग हुकमाचा पत्ता टाकला: कलोनहून बर्लिनला जाणाऱ्या गाडीत त्याने माजी पोलीस संचालक लोपुखिनला गाठलं होतं आणि तासन्‌तास बोलून त्याच्या तोंडून आझेफचं नाव काढून घेतलं होतं. आझेफ निसटला, बर्लिनमध्ये कॉर्सेटचं दुकान वगैरे चालवून १९१८ मध्ये आजारपणाने मेला. शिक्षा झाली ती लोपुखिनला, खरं बोलल्याबद्दल, सैबेरियात हद्दपारीची.

त्या वेळचं पॅरिस असं रशियन परागंदा आणि त्यांच्या मागावरच्या रशियन हेरांनी भरलेलं होतं, आणि आपल्याकडच्या वाचकाला ते अगदीच परकं नाही. सेनापती बापट आणि बंगालचे हेमचंद्र दास याच सुमाराला तिथे रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची कृती मिळवत होते आणि ती पुस्तिका पुढे हिंदुस्थानात आली. आपल्याकडे रशियन म्हटलं की बॉम्ब, हे समीकरण तिथून रुजलं. त्यामुळेच बहुधा मला माणसं बॉम्बवाल्यांबद्दलच विचारतात. सनदशीर मार्गाने जाऊ पाहणाऱ्यांचं काय झालं, असं कोणी विचारत नाही. माझ्या मते उत्तर मात्र तिथेच आहे.

मॉस्कोच्या ओखरानाचा, म्हणजे गुप्त पोलिसांच्या शाखेचा प्रमुख झुबातोव्ह याला एक गोष्ट कळली होती: कामगाराला क्रांती नको असते, पगार आणि माणुसकीची वागणूक हवी असते. म्हणून १९०१ पासून त्याने पोलिसांच्याच आशीर्वादाने कामगार संघटना काढल्या. १९ फेब्रुवारी १९०२ ला सुमारे ५०,००० कामगार क्रेमलिनमध्ये दुसऱ्या अलेक्झांडरच्या पुतळ्याला वंदन करायला शिस्तीत चालत गेले. कारखानदार भडकले. संघटना आहे म्हटल्यावर मागण्या आल्याच, संपही आले. १९०३ मध्ये ओदेसात तो सार्वत्रिक झाला आणि झुबातोव्हची उचलबांगडी झाली. त्याच धर्तीवर पीटर्सबर्गात फादर गापोनची संघटना चालू राहिली. ९ जानेवारी १९०५ ला गापोन हजारो कामगार, बायका-मुलं, देवाच्या तसबिरी आणि झारचे फोटो घेऊन अर्ज द्यायला राजवाड्याकडे निघाला आणि सैन्याने गोळ्या घातल्या. पोलिसांच्या परवानगीने उभी राहिलेली संघटना, झारवरची श्रद्धा आणि हातात अर्ज. याहून मवाळ विरोधक कुठल्या सरकारला मिळणार होता?

ड्यूमाचंही तेच. १९०५ च्या संपांनी वाकलेल्या झारने संसद दिली. पहिली ड्यूमा एप्रिल १९०६ मध्ये बसली आणि ७२ दिवसांत बरखास्त झाली. दुसरी जेमतेम साडेतीन महिन्यांत मोडली आणि ३ जून १९०७ ला निवडणुकीचा कायदाच बदलून जमीनदारांचं पारडं जड केलं. मिल्युकोव्हचा कॅडेट पक्ष वकील-प्राध्यापकांचा, ब्रिटिश पद्धतीची राज्यव्यवस्था मागणारा. त्याला सरकारने पक्ष म्हणून कायदेशीर मान्यता कधीच दिली नाही.

ड्यूमात बोल्शेविक, म्हणजे समाजवाद्यांतला लेनिनचा गट, मात्र होते, आणि त्यातला सर्वांत फर्डा वक्ता रोमान मालिनोव्स्की पोलिसांचा माणूस होता. पोलीस दप्तरी टोपणनाव 'शिंपी', पगार ५०० रूबल. जुन्या चोरीच्या शिक्षा झाकून पोलिसांनी त्याची उमेदवारी सुकर केली. भाषणाचा मसुदा तो पोलीस संचालक बेलेत्स्कीला दाखवायचा आणि साहेबांनी खुणावलेला भाग बोलताना गाळायचा. पोलिसांचं धोरण एकच होतं, समाजवाद्यांच्या दोन तुकड्या एक होऊ द्यायच्या नाहीत. लेनिनलाही एकी नको होती. त्यामुळे १९१३ मध्ये ड्यूमातला तेरा जणांचा गट फोडताना मालिनोव्स्कीला दोन्ही मालकांची मर्जी राखता आली. त्याने स्टालिन आणि स्वेर्दलोव्ह या बोल्शेविक पुढाऱ्यांनाही पकडून दिलं, तरी लेनिन १९१७ पर्यंत त्याची बाजू घेत होता.

हे सगळं बघून मला पोलिसांच्या हुशारीची शंका येत नाही. उलट हुशारी फार झाली होती. १९११ मध्ये कीव्हच्या नाट्यगृहात पंतप्रधान स्तोलिपिनला झारच्या डोळ्यांदेखत गोळी घालणारा बोग्रोव्ह पोलिसांचाच खबरी होता आणि आत शिरायचा पासही त्याला पोलिसांनीच दिला होता. कोण कुठे, कोणाशी, काय बोलला हे त्यांना ठाऊक असायचं. पण कळलेल्या गोष्टीवर त्यांच्याकडे पकडणे आणि फोडणे हे दोनच उपाय होते. मागणी रास्त असेल तर ती मान्य करणं पोलिसांच्या हातात नव्हतं. ज्याच्या हातात होतं तो ऐकत नव्हता.

सांगणारे कमी नव्हते. फेब्रुवारी १९१४ मध्ये प्योत्र दुर्नोव्हो या एके काळच्या पोलीस संचालकाने, कट्टर राजनिष्ठ माणसाने, झारला टिपण दिलं: जर्मनीशी लढू नका, हरलो तर दोष सरकारवर येईल, खचलेलं सैन्य कायदा राखू शकणार नाही, ड्यूमातल्या विरोधकांना तर लोक मुळीच जुमानणार नाहीत. ऑगस्टपर्यंत युद्ध सुरू झालं होतं.

आणि जानेवारी १९१७ ची गोष्ट. झ्युरिकमध्ये लेनिन तरुण कामगारांना सांगत होता की येऊ घातलेल्या क्रांतीची निर्णायक लढाई आम्ही म्हातारे कदाचित पाहणार नाही. त्याच महिन्यात पेत्रोग्राद (पीटर्सबर्गचंच नवं नाव) ओखरानाच्या अहवालात लिहिलं जात होतं की दुकानांपुढच्या न संपणाऱ्या रांगांत उभ्या राहून थकलेल्या आया मिल्युकोव्ह आणि मंडळींपेक्षा क्रांतीच्या जास्त जवळ आहेत आणि जास्त धोकादायकही. २३ फेब्रुवारीला, क्रांतीच्या पहिल्याच दिवशी, शहराच्या व्हिबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांमधल्या बायका काम टाकून बाहेर पडल्या आणि भाकरी मागत शेजारच्या कारखान्यांतल्या पुरुषांनाही ओढून घेऊन गेल्या. तिथल्या बोल्शेविक कार्यकर्त्याने आदल्याच रात्री त्यांना बजावलं होतं की एवढ्यात संप करू नका.