साबणाचा फेस, खारी हवा आणि आमची गॅसवरची व्हॅन

महिन्यातून एकदा, बहुतेक रविवारी सकाळी, मी वाटीत धुण्याची पावडर कालवते, जुना दाढीचा ब्रश घेते आणि व्हॅनच्या पुढच्या सीटखाली डोकं घालते. ओम्नीचं इंजिन सीटखालीच असतं. सीट उचलली की सगळं समोर. त्याआधी इंजिन पाच मिनिटं गॅसवर चालवून बंद करायचं, म्हणजे नळीत दाब राहतो. मग गॅस कुठे गळतोय का ते बघायला एकेका नटावर फेस लावायचा आणि मनात साठपर्यंत मोजायचं. बुडबुडा फुगला नाही तर पुढचा सांधा. पुढे पाच आणि मागे टाकीपाशी दोन, असे सात सांधे आमच्या गाडीत आहेत. नळी जिथे गाडीच्या तळाच्या पत्र्यातून वर येते तो चौथा सांधा मी दोनदा बघते. का ते पुढे सांगते.

पुतण्याचा फोन आला होता. "काकू, माझ्या जुन्या गाडीला गॅस करून घेऊ का? पेट्रोल परवडत नाही गो." फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं हे काम नाही, म्हणून लिहायला बसले.

आमची ओम्नी 1999 ची, कार्बुरेटरवाली. आमचं घर पावसच्या पुढे. आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ आणि सीझनला हापूसच्या पेट्या असा माल मी कोल्हापूरला नेते, आठवड्याला एक फेरी. हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर करत जाऊन येऊन तीनशे किलोमीटर होतात. पेट्रोलवर गाडी लिटरला चौदा द्यायची, घाटात भरल्या गाडीने त्याहून कमी. आगळाच्या बाटलीमागे सुटणारे पैसे टाकीत जात होते. 2009 साली कोल्हापुरात एलपीजीचं किट बसवलं, तेव्हा साडेअठरा हजार लागले. हिशोबाच्या वहीत तो आकडा अजून आहे.

गॅसवर गाडी लिटरला साडेअकरा देते. एलपीजीचं एक लिटर पेट्रोलच्या एका लिटरपेक्षा हलकं असतं, त्यात ऊर्जाही कमी, त्यामुळे लिटरच्या हिशोबाने जास्तच जळणार. दर बराच कमी असतो म्हणून ते परवडतं. माझी टाकी 35 लिटरची. तिच्यात 80 टक्क्यांपर्यंतच गॅस भरतात, म्हणजे 28 लिटर. उन्हात द्रव गॅस खूप फुगतो, त्याला वरची जागा मोकळी लागते. टाकीच्या आतला तरंगता गोळा 80 टक्क्यांना वाट बंद करतो, पंपवाल्याला जास्त भरताच येत नाही. 28 गुणिले साडेअकरा म्हणजे 322. कोल्हापुरात भरलं की घरी येऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा कोल्हापूर गाठता येतं. गावाजवळ गॅसचा पंप नसताना माझं गणित जमलं ते एवढ्याचसाठी. इथल्या इथे फिरायला पेट्रोल. तुझी फेरी ठरलेली नसेल, रोज गणपतीपुळ्यापासून राजापूरपर्यंत कुठेही जावं लागत असेल, तर आधी पंप कुठे आहे ते बघ, किटचं नंतर.

आता हे चालतं कसं. मला ते आंबा घाटाने शिकवलं.

किट बसवून वर्ष होत आलं होतं. एप्रिलचा शेवट, मागे पेट्या रचलेल्या. साखरपा सोडून घाट चढायला लागले आणि गाडीचा दम जायला लागला. दुसरा गिअर, मग पहिला. एका वळणावर बाजूला घेतली, माल उतरवायला सोबत आलेल्या भाच्याला खाली उतरवलं आणि सीट उचलली. रिड्यूसरवर बर्फ होता. बाहेर अंगाची लाही होत होती आणि त्या नारळाएवढ्या धातूच्या डब्यावर पांढरंशुभ्र दव गोठलं होतं, फ्रीजच्या वरच्या खणात जमतं तसं. भाच्याने बोट लावून बघितलं आणि झटकन मागे घेतलं.

टाकीतून गॅस द्रवरूपात येतो. रिड्यूसरमध्ये त्याची वाफ होते आणि ती अडीचशे पटींनी फुगते. वाफ व्हायला उष्णता लागते, म्हणून इंजिनचं गरम पाणी रिड्यूसरमधून फिरवलेलं असतं. माझ्या रेडिएटरची एक नळी हळूहळू गळत होती. पाणी कमी झालं की आधी रिड्यूसरकडे जाणाऱ्या या वरच्या वळशात हवा अडकते आणि पाणी फिरायचं थांबतं. इंजिनचा काटा तेव्हा जेमतेम अर्ध्यावर होता. म्हणजे काटा वर जायच्या कितीतरी आधी बर्फाने सांगितलं की पाणी संपत आलंय. अर्धा तास थांबलो, झाकण गार झाल्यावर पाणी ओतलं, नळीला रबराची पट्टी आवळली आणि कोल्हापूर गाठलं. तेव्हापासून प्रत्येक घाटाआधी मी रिड्यूसरवर हात ठेवते. तो कोमट लागलाच पाहिजे.

दुसरा धडा वासाचा. तो मला कधीच विसरता येणार नाही.

एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घाण वासाचं द्रव्य मिसळतात, सडक्या कांद्यासारखं. त्या भरवशावर मी दोन वर्षं निर्धास्त होते. मे महिन्यात व्हॅनमध्ये पिकायला आलेला आंबा, पेटीतलं गवत, एखादा नासका नग, कोपऱ्यात कुणीतरी ठेवायला दिलेली सुक्या बांगड्याची पिशवी. या सगळ्या वासांत तो वास मला आलाच नाही. आला असेल, पण मी तो नासक्या आंब्याचा समजले. कधी नव्हे ती गाडी धुवायला काढली आणि मागचा गालिचा उचलला, तेव्हा जमिनीलगत भपकारा आला. एलपीजी हवेहून जड. प्रोपेन दीडपट, ब्युटेन दुप्पट. तो वर जात नाही, खाली साठतो. मी तिथेच टाकीवरचा कॉक हाताने बंद केला, सगळे दरवाजे उघडले आणि शेजारच्या दोघांना हाक मारून गाडी ढकलत खळ्यातून वरच्या रस्त्यावर नेली. चुलीपासून लांब. स्विच नाही, चावी नाही, मोबाइलसुद्धा घरात ठेवला. गॅसची गाडी घेणाऱ्याने हे सगळं आधीच ठरवून ठेवावं, त्या क्षणी सुचत नाही.

गळती चौथ्या सांध्याला होती. ज्याने किट बसवलं त्याने तांब्याची नळी पत्र्याच्या भोकातून तशीच ओढली होती, रबराची कडी न घालता. पत्र्याची धार नळीवरचं प्लास्टिक घासत राहिली. खालून पावसाळ्यात आमचा जांभ्याचा तांबडा चिखल तिथे जाऊन बसला. त्या चिखलात खारी ओल धरून राहते. नळीवर हिरवी कळक चढली होती. नखाने खरवडली तर खाली सुईच्या टोकाएवढा खड्डा. त्या माणसाचं काम कोल्हापूरच्या हवेत कदाचित दहा वर्षं टिकलं असतं. समुद्रापासून दोन किलोमीटरवर ते दोन वर्षं टिकलं. मला त्याचा आजही राग आहे, कारण दोन रुपयांची कडी होती ती, आणि मागे माझा भाचा बसायचा.

म्हणून नाकावर विसंबू नये. फेस लावावा. फेसाला आंब्याचा वास येत नाही.

आमच्या इथल्या मिस्त्रींनी नळी सबंध बदलली. प्रत्येक क्लिपखाली रबर घातलं आणि टाकीच्या पट्ट्यांचे बोल्ट काढून ग्रीस चोपडून परत बसवले. "वहिनी, घाटावर गाडी इंजिनने म्हातारी होते, आपल्याकडे पत्र्याने," ते म्हणाले. पावसाळा संपला की दरवर्षी दसऱ्याच्या आत मी गाडी त्यांच्याकडे रॅम्पवर चढवते आणि खालून चिखल धुऊन घेते. टाकीची तळाची बाजू आणि पट्ट्यांखालचा रंग बघायचा. तिथे फोड आला की आत गंज असतो.

पावसाळ्याचं आणखी एक. गॅसला पेट्रोलपेक्षा ताकदीची ठिणगी लागते. एका जुलैच्या रात्री गाडी सुरू करताच धडाम आवाज झाला आणि एअर फिल्टरचं झाकण क्लिपा तोडून उडालं. मिस्त्रींनी अंधारातच सीट उचलायला सांगितली आणि इंजिन पेट्रोलवर चालू केलं. प्लगच्या वायरींवरून निळ्या ठिणग्या चालत होत्या, वायरीच्या बाहेरून, ओलीवरून, इंजिनच्या लोखंडाकडे. प्लगपर्यंत पोचायच्या ऐवजी ठिणगी वाटेतच सांडत होती. न पेटलेला गॅस मागे साचायचा आणि एकदम फुटायचा. नवीन वायरी घातल्या, प्लगची गॅप थोडी कमी केली. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, त्यांनी आधीच किंचित पुढे घेतलं होतं, कारण गॅसचा ऑक्टेन जास्त असतो, तो दाबाखाली आपोआप लवकर पेटत नाही. पुन्हा तसा आवाज आला नाही.

सकाळी मी गाडी पेट्रोलवरच सुरू करते. पाणी गरम झालं की इंधनाचा स्विच मधल्या खुणेवर, म्हणजे दोन्ही बंद, कार्बुरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन अडखळायला लागलं की गॅसवर. घाईने थेट गॅसवर टाकलं तर दोन्ही इंधनं एकदम जातात आणि गाडी गुदमरते. आठवड्यातून थोडं पेट्रोल चालवलंच पाहिजे, नाहीतर पंपाचं आणि कार्बुरेटरचं रबर सुकतं. जुन्या इंजिनचे टॅपेटही लवकर तपासावे लागतात. उलट ऑइल मात्र पेट्रोलच्या मानाने उशिरा काळं पडतं.

आणि लाल सिलिंडर. पुतण्या, तुला कुणीतरी हे सुचवेल म्हणून स्पष्ट लिहिते. घरातला 14.2 किलोचा सिलिंडर सीटमागे उभा करून नळी जोडलेल्या व्हॅन मी डोळ्यांनी बघितल्या आहेत, त्यातून शाळेची मुलं जाताना बघितली आहेत. तो सिलिंडर शेगडीसाठी केलेला आहे. वरून वाफ सोडतो. गाडीला लागणारा जोर मिळेना म्हणून लोक तो आडवा करतात, मग त्यातून द्रव येतो. नळी तुटली तर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह त्यात नाही, अपघातात जागेवर धरून ठेवणारी पट्टी नाही, बाहेर वाट काढणारा डबा नाही. माझ्या टाकीच्या व्हॉल्व्हवर झाकणाचा डबा आहे आणि त्यातून एक जाड नळी जमिनीखाली बाहेर जाते, गळला तर गॅस रस्त्यावर जावा, माणसांत नाही. घरगुती सिलिंडर गाडीला लावणं गुन्हा आहे. तसा नसता, तरी तुला मी ते करू दिलं नसतं.

कायद्याने गाडीत एलपीजी चालायला लागला तो मोटार वाहन कायद्यात 2000 साली झालेल्या दुरुस्तीनंतर. किट मान्यताप्राप्त हवं. बसवल्यावर आरटीओकडे नेऊन कलम 52 खाली आरसी बुकात इंधनाची नोंद करून घ्यायची आणि विमा कंपनीला कळवायचं. टाकीवर नंबर आणि तारीख कोरलेली असते, दर 5 वर्षांनी ती उतरवून पाण्याच्या दाबाने तपासून घ्यायची. माझी 2014, 2019 आणि 2024 ला झाली. तिन्ही सर्टिफिकेटं मी गाडीच्या कागदांतच ठेवते.

हे सगळं अर्धं लिहून झालं होतं आणि काल पुतण्या गाडी घेऊनच आला. मी त्याला आधी मागचा गालिचा काढायला लावला, टाकी जिथे बसेल तिथला. वरून रंग चकचकीत होता. मिस्त्रींकडून आणलेला स्क्रू ड्रायव्हर मी पत्र्यावर ठेवून अंगठ्याने दाबला, आणि तो दांड्यापर्यंत आत गेला. भोकातून खालची तांबडी माती दिसत होती. त्याच्या वडिलांनी मुरुडच्या किनाऱ्यावर ही गाडी आठ वर्षं चालवली आहे.

"म्हणजे नको?" त्याने विचारलं.

"आधी पत्रा," मी म्हटलं. "हा सगळा कापून नवा वेल्ड करून घे, खालून रंग मार. भरलेल्या टाकीचं वजन याने धरलं पाहिजे. मग मी तुझ्याबरोबर कोल्हापूरला येते."

बुधवारी तो गाडी मिस्त्रींकडे लावतोय. मिस्त्री म्हणतात, चार दिवस लागतील.