तुम्ही विचारलंत म्हणून: दरवर्षी ऑडिट होतं, मग पैसे खाणारे सुटतात कसे?

मी ग्रामपंचायतींचं लेखापरीक्षण करायचे हे कळलं, की लग्नात असो वा एसटीत, हाच प्रश्न येतो. एकदाचं सांगते.

1930 चा स्थानिक निधी लेखापरीक्षा कायदा आम्हाला कागद मागायचा अधिकार देतो, कुणाला धरायचा नाही. रोकड वही पासबुकाशी लावायची, प्रमाणकं म्हणजे खर्चाच्या पावत्या-बिलं बघायची, मोजमाप पुस्तिकेतलं गटार जागेवर आहे का बघायचं, आक्षेप काढायचा. पुढची वसुली, कारवाई आमच्या हातात नसते. अनुपालन, म्हणजे आक्षेपावरचं पंचायतीचं उत्तर, येईना, की अहवालातला तो परिच्छेद वर्षानुवर्षं तसाच राहतो. शिवाय जो खरंच खातो, त्याचे कागद चोख असतात. तिन्ही दरपत्रकं (दुकानांनी लेखी कळवलेले भाव) एकाच हाताची वाटतात, पण शिक्के तीन दुकानांचे.

आणि ज्याचे कागद नसतात, तो?

2019 च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात तपासणीला गेले. ग्रामसेवकानं फाईल पुढं ठेवली. पाण्यानं फुगून वाळलेली, टाचण्या गंजलेल्या. एक पान नखानं सोडवलं तर शाई खालच्या पानावर उतरलेली. हे पुराआधीचे कागद. पुरातल्या चारा, डिझेल, होड्यांच्या खर्चाला तर कागद नव्हताच. शाळेच्या वहीत आकडे आणि लोकांचे अंगठे.

"पाणी गळ्याला आलं हुतं मॅडम. पावती कुणाकडं मागायची?"

आपत्तीत दरपत्रकांची अट सैल होते, पण पैसे कुणाला दिले याचा पुरावा लागतोच. मी रक्कम वसूलपात्र, म्हणजे परत घ्यायची, दाखवली. ग्रामस्थांचे जबाब जोडून अनुपालन द्या, हेही मीच सांगितलं. त्यांनी दिलं. ते वर गेलं आणि तिथंच राहिलं. तेवढ्यात ग्रामसेवक निवृत्त झाले आणि आक्षेप मिटला नाही म्हणून त्यांचे निवृत्तीचे पैसे अडकले.

पुढं जयसिंगपूरच्या स्टँडवर भेटले.

"मी खाल्लं असं वाटतं काय तुम्हाला?"

"नाही."

"मग लिवलं कशाला?"

नोकरीला लागले तेव्हा मी म्हणायचे, प्रामाणिक माणसाला आक्षेपाची भीती कशाला? आज तसं कुणी म्हटलं तर मला राग येतो. पण त्या वहीवर मी सही केली असती, तर पुढच्या गावात कुणीतरी आपणच फाईल भिजवून आणली असती, आणि तिथं मी काय तोंडानं नाही म्हणणार होते? अंगठे खरे होते, असं मला वाटतं. वाटतं, एवढंच. अहवालात ते लिहिता येत नाही. तशी फाईल पुन्हा आली तर आक्षेप काढीनच, आणि त्या माणसाला काय सांगायचं ते मला तेव्हाही सुचणार नाही.

तुम्ही मात्र एक करू शकता. वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत मागचं लेखापरीक्षण टिपण आणि त्यावरची उत्तरं ठेवावी लागतात. ती वाचून दाखवायला सांगा. कुठला आक्षेप कुणावर आहे आणि का पडून आहे, हे तिथं सरपंचांसमोर विचारा.