डोंबिवली सोडली

आमच्या लेडीज डब्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सकाळी कल्याणला चढणारी मैत्रीण एकच शब्द टाकते, "सुटली." मग डोंबिवलीची, मग ठाण्याची. मी मुलुंडला चढते. डोंबिवलीचा मेसेज आला की चपला घालायच्या. ठाण्याचा यायला किती वेळ लागतो त्यावरून गाडी रखडतेय की वेळेत आहे, ते जिना उतरतानाच कळतं.

गेल्या आठवड्यात टीवायच्या वर्गात हा ग्रुप फार उपयोगी पडला. एका मुलीने विचारलं, "मॅम, न्यूट्रॉन ताऱ्याच्या जेटचा, म्हणजे त्याच्याजवळून सुटणाऱ्या झोताचा वेग मोजला म्हणतात, पण मोजला कसा? तिथे आपण रडार थोडंच लावलंय?" प्रश्न इतका नेमका होता की नेमलेला धडा मी बाजूलाच ठेवला.

४यू १७२८-३४ नावाची ताऱ्यांची एक जोडी आहे. त्यातला न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला अतिशय दाट गाभा, शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून घेतो. या न्यूट्रॉन ताऱ्याचा व्यास साधारण वीस किलोमीटर, म्हणजे मुलुंड ते दादर, आणि तो सेकंदाला ३६३ वेळा स्वतःभोवती फिरतो. ओढलेलं द्रव्य पृष्ठभागावर साचत जातं, दाबाखाली तापतं, आणि एका क्षणी सगळा थर पेटतो. हा स्फोट. क्ष-किरणांच्या आलेखात रेघ काही सेकंदांत उसळी मारते आणि मग सावकाश उतरते. एमएस्सीच्या प्रोजेक्टला असा आलेख मी पहिल्यांदा स्वतः काढला, तेव्हा रात्री आईला उठवून दाखवला होता.

हे किरण हवेत अडतात, म्हणून उपकरण वर न्यावं लागतं. २८ सप्टेंबर २०१५ ला अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रह गेला, त्यावरचं क्ष-किरण टिपणारं लॅक्सपीसी हे उपकरण आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनलेलं. झेनॉन वायू भरलेल्या पेट्या त्या. या ताऱ्याच्या स्फोटातली सेकंदाला ३६३ वेळांची थरथर त्यांनीही टिपली आहे. कुलाब्याच्या बसमधून जाताना मला हे दरवेळी आठवतं आणि दरवेळी बरं वाटतं.

आता जेट. पडणाऱ्या द्रव्यातलं काही द्रव्य दोन विरुद्ध दिशांना फेकलं जातं आणि रेडिओ लहरींत चमकतं. इथे महत्त्वाची गोष्ट अशी की जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी आपल्याला बुडाजवळून मिळतात. कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरींना तिथला दाट भाग गिळून टाकतो, त्या आणखी पुढे गेल्यावरच बाहेर निसटतात. म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सी हे एकेक स्टेशन झालं. मी फळ्यावर रेघ ओढली. कल्याणला स्फोट, डोंबिवलीला ९ गिगाहर्ट्‌झ, ठाण्याला ५.५.

ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणींनी आणि युरोपच्या इंटिग्रल उपग्रहाने या जोडीकडे एकाच वेळी पाहिलं. क्ष-किरणांत स्फोट दिसला, आणि काही मिनिटांनी रेडिओत जेट उजळलं. आधी वरच्या फ्रिक्वेन्सीला, मग खालच्या. "सुटली", "डोंबिवली सोडली", "ठाणं सोडलं". या उशिरावरून वेग निघाला प्रकाशाच्या ०.३८ पट, सेकंदाला सुमारे १ लाख १४ हजार किलोमीटर. २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मोजमापात होऊ शकणारी चूक धरली तरी तो साधारण ०.३० ते ०.४९ मध्ये बसतो. तेवढ्याच तेजाच्या कृष्णविवरांची जेट्स याहून कितीतरी वेगवान असतात.

मला यात सगळ्यात सुंदर वाटतं ते वेगवेगळ्या यंत्रांचं एका घड्याळावर येणं. नुसत्या रेडिओला गाडी आल्याचं कळलं असतं, सुटल्याचं नाही. नुसत्या क्ष-किरणांना सुटल्याचं, पोचल्याचं नाही. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत, खूप खालच्या फ्रिक्वेन्सीच्या, आणि वर अ‍ॅस्ट्रोसॅट. इथल्या मुलांनी अशी जोडकामं मागून घ्यावीत असं मला मनापासून वाटतं.

तास संपल्याची घंटा झाली, तरी तीच मुलगी उभी होती. "पण मॅम, कृष्णविवराला पृष्ठभागच नाही. मग तिथे 'सुटली' कोण लिहिणार?"

कोणीच नाही. तिथे साचायला जागा नाही, त्यामुळे असा स्फोटही नाही. मग क्ष-किरणांतली रोजची चढउतार घ्यायची आणि तोच नमुना रेडिओत किती उशिराने उमटतो ते शोधायचं. सिग्नस एक्स-१ या कृष्णविवरासाठी हे करून झालंय. काम किचकट आहे, डेटा भरपूर लागतो. तिला म्हटलं, शनिवारी लॅबमध्ये ये, लॅपटॉप घेऊन.